नळी घालण्याआधीची भूल

अतिदक्षता विभागातला रुग्ण श्वास घेऊन घेऊन दमलाय. मिनिटाला चाळीस श्वास, कपाळावर घाम, वरचा रक्तदाब जेमतेम ९०. आता श्वासनळीत नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा. जागेपणी ती नळी सोसवत नाही, म्हणून आधी भूल द्यायची. धोका नेमका इथे आहे.

हा ९० चा दाब टिकलाय तो शरीर जीव तोडून अ‍ॅड्रेनलिन सोडतंय म्हणून. रक्तवाहिन्या मुठीसारख्या आवळलेल्या असतात. भूल चढली की भीती जाते, धाप जाते आणि ती मूठही सुटते. त्यात व्हेंटिलेटर छातीत दाबाने हवा भरतो, त्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त आणखी घटतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २९ देशांतल्या २,९६४ गंभीर रुग्णांची नोंद होती. नळी घालताना किंवा त्यानंतर लगेच त्यांच्यापैकी ४२.६ टक्के रुग्णांचं रक्ताभिसरण डळमळलं होतं.

मग औषध कोणतं? प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं दिसतं, कारण ते तेलात विरघळवून त्या तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळलेले असतात. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत ते उत्तम, पण शॉकमधल्या, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त पोचत नसलेल्या रुग्णाचा दाब ते झपाट्याने उतरवू शकतं. केटामाइन उलट अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं मोकळी करून दाब सावरतं, दम्यात आवळलेल्या श्वासनलिकाही सैल करतं. पण कित्येक तास झुंजून ज्याचा हा साठाच संपलाय, त्याच्या हृदयाला तेच केटामाइन मंदावू शकतं. एटोमिडेट हृदयाला फारसा धक्का लावत नाही, मात्र कॉर्टिसोल हे ताणाच्या वेळी शरीराला लागणारं संप्रेरक बनवणारं एन्झाइम अडवतं. १९८३ साली ग्लासगोतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की सतत एटोमिडेट दिलेल्या जखमी रुग्णांत मृत्यू जास्त होतायत. एकाच मात्रेने होणाऱ्या परिणामाचा वाद अजून मिटलेला नाही.

मला मात्र वाटतं, नावाइतकाच मात्रेचाही विचार व्हायला हवा. शॉकमध्ये भुलीची मात्रा बहुधा निम्म्यावर आणतात. रक्त संथ वाहत असतं, औषध मेंदूपर्यंत उशिरा पोचतं. तेवढा वेळ न थांबता घाईने आणखी दिलं, तर दोन्ही मात्रा एकदम चढतात. रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन आधीच जोडून ठेवायचं ते यासाठी.

आणि एक गोष्ट हमखास निसटते. नळी सहज जावी म्हणून भुलीबरोबर रोक्युरोनियमसारखं स्नायू लुळे पाडणारं औषध देतात. एटोमिडेटची भूल पाच-दहा मिनिटांत उतरते, रोक्युरोनियमचा असर मात्र अर्धा-पाऊण तास, कधी त्याहूनही जास्त राहतो. म्हणून नळी जागेवर असल्याची खात्री होताच पुढच्या भुलीचा पंप सुरू व्हायला हवा. तो राहून गेला, तर माणूस आतून जागा असतो आणि त्याला बोटही हलवता येत नाही. बाहेरून दिसते ती फक्त मॉनिटरवर वाढणारी नाडी, आणि कधी डोळ्यांच्या कडेला आलेलं पाणी.