तपासणी अहवालातले इशारे कसे वाचावेत

आम्ही केलेल्या कोड-तपासणीचा (स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचा) अहवाल हातात पडला की बहुतेक ग्राहकांचा फोन येतो, "एवढे इशारे? मग आमचा प्रोग्रॅम चालतोय तरी कसा?" त्याचं उत्तर इथे लिहून ठेवलं आहे.

स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणजे प्रोग्रॅम न चालवता, नुसता कोड वाचून कुठे काय बिघडू शकतं ते शोधणं. टेस्टिंगमध्ये तुम्ही दिलेले इनपुटच तपासले जातात. इथे कोड तपासणाऱ्या टूलला सगळ्याच शक्यता धरायच्या असतात, आणि त्या एकेक करून मोजता येत नाहीत, म्हणून ते ढोबळ हिशेब करतं. गोम तिथेच आहे.

समजा एका अटीवर भाजक १ होतो, नाहीतर -१, आणि पुढच्या ओळीत १०० ला भाजकाने भागलं आहे. शून्याने भागण्याची वेळ येणारच नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. पण दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे अनेक टूल एवढंच लक्षात ठेवतात: भाजक -१ ते १ मध्ये कुठेतरी आहे. त्यात शून्य आलं, की पडला इशारा. खोटा. दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्या तर तो जातो. पण अशा वीस अटी ओळीने आल्या की वाटा होतात १०,४८,५७६. कुठे वेगळ्या ठेवायच्या हे तुमचा कोड पाहूनच ठरवावं लागतं, आणि आमचा बराचसा वेळ त्यातच जातो.

खोटे इशारे कधीच येणार नाहीत आणि एकही बग सुटणार नाही, असं टूल कोणी विकत असेल तर सावध राहा. प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलचा कुठलाही अर्थपूर्ण प्रश्न घ्या, प्रत्येक प्रोग्रॅमसाठी बिनचूक हो किंवा नाही सांगणारी रीत असूच शकत नाही, हे गणितज्ञ हेन्री राइसने १९५३ मध्ये सिद्ध केलं आहे. म्हणून विचारायचं ते हे, की टूल चुकतं ते कुठल्या बाजूला? काही टूल ठराविक प्रकारची एकही चूक सोडत नाहीत, पण उगाच ओरडतात. काही कमी बोलतात, पण त्यांच्या हातून बग निसटतात. अहवालाच्या पहिल्या पानावर टूल कुठल्या जातीचं ते लिहिलेलं असतं. तेवढं तरी वाचाच.

शून्य इशारे अशक्य नाहीत. २००३ मध्ये अ‍ॅस्ट्रे या टूलने एअरबस ए३४० च्या उड्डाण-नियंत्रणाच्या सुमारे १,३२,००० ओळींच्या सी कोडमध्ये रनटाइम एरर, म्हणजे चालू असताना येणाऱ्या शून्याने भागण्यासारख्या चुका, नाहीत हे सिद्ध केलं. पण टूल तशाच कोडसाठी घडवलेलं होतं, आणि त्या कोडमध्ये रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाही, चालू असताना मेमरी मागणं नाही. तुमच्या कोडमध्ये बहुधा दोन्ही असतील.

आणि तुमच्या मनातलं टूलला कळत नाही. १० टक्के सूट द्यायची होती आणि कोडने १५ दिली, तर ते गप्पच बसणार.

एखादा इशारा खोटा वाटला तर बंद करण्याआधी तो का खोटा आहे, ते तिथेच कॉमेंटमध्ये एका ओळीत लिहा. "असं होत नाही" एवढं पुरत नाही. "भाजक फक्त १ किंवा -१" असं लिहा. उद्या कोणी आणखी एक अट घालून भाजक शून्य केला, तर तोच इशारा खरा झालेला असेल.