मागील ॲक्सल बदल (जुन्या मोटारींतील)

जुन्या मोटारीचा मूळ मागील ॲक्सल काढून दुसऱ्या गाडीचा ॲक्सल बसविणे, किंवा मूळ हौसिंग (ॲक्सलचे बाहेरील कवच) कायम ठेवून आतील क्राउन-पिनियनची जोडी (शाफ्टची गती चाकांकडे वळविणारी मोठे व लहान दंतचक्र), हाफ शाफ्ट (मध्यापासून एकेका चाकापर्यंतचा दांडा), हब व ब्रेक ड्रम यांत फेरफार करणे, या दोन्ही प्रकारच्या कामांना मिळून ही संज्ञा वापरतात. सातारा व सांगली जिल्ह्यांत हा विषय प्रामुख्याने विलीज घराण्यातील जीप, हिंदुस्थान ॲम्बेसेडर, आणि फियाट ११०० व तिचा पुढचा अवतार असलेली प्रीमियर पद्मिनी या गाड्यांच्या संदर्भात निघतो. या तिन्हींची मागील रचना तत्त्वतः एकच आहे : दोन्ही चाकांना जोडणारे अखंड हौसिंग, त्याला तोलणारे पाट्यांचे स्प्रिंग, मध्यभागी किंवा थोडे बाजूला डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सकडून तेथवर येणारा प्रोपेलर शाफ्ट.

डिफरन्शियलचा उगम वादग्रस्त आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि एकाच इंजिनाची शक्ती घेऊनही दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरावीत, ही सोय या यंत्रणेने होते. तिचा सर्वांत जुना पुरावा म्हणून ‘दक्षिणदर्शी रथ’ या चिनी वाहनाचा उल्लेख करण्याची प्रथा आहे. रथ कसाही वळला तरी त्यावरील पुतळ्याचा हात दक्षिणेकडेच राहत असे, असे वर्णन असून त्याची रचना इ. स. च्या तिसऱ्या शतकातील मा जुन या यंत्रज्ञाकडे जाते. या रथात डिफरन्शियल असले पाहिजे, असा तर्क इंग्लिश मोटार अभियंते जॉर्ज लँचेस्टर यांनी १९४७ मध्ये मांडला व तो पुढे बराच रूढ झाला. तथापि लँचेस्टर यांचे आयुष्य मोटारी बांधण्यात गेले होते, हे त्यांचा तर्क वाचताना विसरून चालत नाही. सुंग राजवटीतील यान सू यांनी १०२७ मध्ये बांधलेल्या रथाचे जे तपशीलवार वर्णन उपलब्ध आहे, त्यात वळणाच्या वेळी एका बाजूचे दंतचक्र गुंतविणारी व दुसऱ्या बाजूचे सोडविणारी योजना दिसते; तिला डिफरन्शियलची गरज नाही. अँटिकिथेरा येथे समुद्रात सापडलेल्या ग्रीक यंत्राबाबतही असेच घडले. डेरेक प्राइस यांनी १९७४ मध्ये त्यात डिफरन्शियल असल्याचे प्रतिपादन केले होते. क्ष-किरण तपासण्यांवर आधारलेल्या नंतरच्या अभ्यासांनी ते मागे पडले. तेव्हा प्राचीन दाव्यांपेक्षा एकोणिसाव्या शतकातील लेखी पुरावा अधिक विश्वसनीय मानणे इष्ट ठरते.

हा पुरावा फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेक्युर यांच्यापासून सुरू होतो. त्यांनी वाफेच्या गाडीसाठी घेतलेल्या पेटंटचे वर्ष काही ठिकाणी १८२७, तर काही ठिकाणी १८२८ असे दिलेले आढळते. इंग्लंडमध्ये रिचर्ड रॉबर्ट्स यांनी १८३२ मध्ये, तर जेम्स स्टार्ली यांनी १८७७ च्या सुमारास तीनचाकी सायकलसाठी तशीच योजना वापरली. शतकाच्या अखेरीस लुई रनो यांनी साखळीऐवजी शाफ्टने मागील ॲक्सल फिरविला आणि आज परिचित असलेली मांडणी रुळली. पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये हायपॉइड दात्यांचे क्राउन-पिनियन मोटारीत आणले. या प्रकारात पिनियनची मध्यरेषा क्राउनच्या मध्यरेषेखाली येते, त्यामुळे शाफ्ट व गाडीचा तळ खाली घेता येतो. मात्र दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. म्हणून अतिदाब सहन करणारे ईपी तेल अनिवार्य होते. जुन्या गाडीत हायपॉइड ॲक्सल बसविल्यावर साधे गिअर तेल भरले, तर दात्यांचे पृष्ठभाग लवकर ओरबाडले जातात.

सातारा-सांगली भागात ॲक्सल बदलण्याची कारणे बहुधा भूगोलातून येतात. पसरणी, आंबेनळी व कुंभार्ली या घाटांत चढासाठी मोठे गुणोत्तर (क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागून येणारा आकडा) लागते. पुणे-बंगळूर महामार्गावर आणि मिरज-सांगलीच्या सपाट कृष्णाकाठी तेच गुणोत्तर इंजिनाला निष्कारण धावायला लावते. युद्धकालीन विलीज एमबी जीपच्या पिनियनला ८ व क्राउनला ३९ दाते होते, म्हणजे गुणोत्तर ४.८८, भारतात दीर्घकाळ बनत राहिलेल्या सीजे-३बी मालिकेत ते ८ ला ४३, म्हणजे ५.३८ होते. ६.००-१६ मापाच्या टायरवर, ताशी ८० किमी. वेगाने, टॉप गिअरमध्ये ५.३८ च्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेते, तर ४.८८ वर सुमारे २,९००. विलीजच्या मूळ इंजिनाची कमाल शक्ती ४,००० फेऱ्यांवर मिळते हे ध्यानात घेतले, म्हणजे महामार्गावर जुनी जीप का कण्हते ते समजते. परंतु ५.३८ वरून ४.८८ वर आल्याने चाकावरील पीळ (फिरविण्याचा जोर) सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. भरलेल्या वडाप (शेअर प्रवासी) जीपला पसरणीच्या वळणावर तो लागलीच जाणवतो.

जीपच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचे व मागचे गुणोत्तर एकच असावे लागते. फक्त मागचा ॲक्सल बदलून पुढचा तसाच ठेवला, तर डांबरी रस्त्यावर फोर व्हील जोडताच ट्रान्सफर केसमध्ये (शक्ती पुढच्या व मागच्या ॲक्सलांकडे वाटणाऱ्या गिअरपेटीत) पीळ साठतो आणि शाफ्ट, क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंटमधील चौफुली) किंवा दाते तुटतात. दुसरी म्हणजे जुन्या ट्रान्सफर केसचा मागील फाटा मध्यरेषेच्या उजवीकडे असल्याने विलीजचे डिफरन्शियलही उजवीकडे सरकवलेले असते. मध्यावर डिफरन्शियल असलेला दुसऱ्या गाडीचा ॲक्सल घातल्यास शाफ्ट तिरका जातो. तिसरी गोष्ट भार तोलण्याच्या पद्धतीची. एमबीचा मागील ॲक्सल फुल फ्लोटिंग होता, म्हणजे गाडीचे वजन हौसिंगवरील बेअरिंगा पेलत आणि हाफ शाफ्टकडे फक्त पीळ देण्याचे काम होते. नागरी सीजे मालिकेत सेमी फ्लोटिंग रचना आली, हब निमुळत्या टोकावर चावीने बसू लागले, आणि हाफ शाफ्ट मोडला तर चाकही निसटण्याची शक्यता निर्माण झाली. यामुळे युद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या जीपचे जुने हौसिंग काही जाणकार अजूनही पसंत करतात. जड भारासाठी ही पसंती रास्त आहे, मात्र एमबीचा ॲक्सल नंतरच्या डाना ४४ या ॲक्सलइतका दणकट नाही, याचा विसर पडू नये.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक कौशल्य क्राउन-पिनियनच्या जुळणीत लागते. ही दोन चाके कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेली असल्याने त्यांची जोडी फोडत नाहीत. बहुतेक जोड्यांवर जुळणीचा क्रमांक कोरलेला असतो. प्रथम पिनियनची खोली शिम (पातळ चकत्या) घालून ठरवितात, मग त्याच्या बेअरिंगांना प्रीलोड (आगाऊ दाब) देतात आणि शेवटी क्राउन डावी-उजवीकडे सरकवून दात्यांमधील प्ले (मोकळीक) साधतात. या वर्गाच्या ॲक्सलला तो साधारणपणे ०.१५ ते ०.२५ मिमी. ठेवतात. दात्यांना रंग लावून क्राउन फिरविल्यावर उमटणारा ठसा हा शेवटचा निकाल असतो : तो दात्याच्या मुळाकडे गेला तर पिनियन फार आत आहे, माथ्याकडे गेला तर फार बाहेर. आतल्या वा बाहेरच्या टोकाला सरकलेला ठसा बहुधा प्ले कमी-जास्त असल्याचे सांगतो. ॲक्सलेटर दाबल्यावर येणारी आणि पाय काढताच थांबणारी घरघर हे चुकलेल्या जुळणीचे सर्वपरिचित लक्षण होय.

दुसऱ्या गाडीचे हौसिंग रुंद असल्यास ते कापून अरुंद करतात. नळी सरळ राहावी म्हणून दोन्ही टोकांच्या बेअरिंगांच्या जागांतून एक अचूक सळई घालून, तिच्या आधाराने, थोडे थोडे व आलटून-पालटून वेल्डिंग करणे आवश्यक असते. एका दमात केलेले वेल्डिंग थंड होताना नळीला बाक देते. हाफ शाफ्ट आखूड करून त्यावर नवे स्प्लाइन (गुंतण्यासाठीच्या लांबट खाचा) पाडताना धातूचा प्रश्न उभा राहतो, कारण इंडक्शनने कडक केलेल्या शाफ्टचा कडक थर ठरावीक लांबीपुरताच असतो, आणि त्यापलीकडे कापलेला शाफ्ट पुन्हा उष्णतोपचार केल्याशिवाय पिळाला टिकत नाही. कापून मधोमध जोडलेला शाफ्ट तर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना काढल्यापासून आणि पुढे सातारा रोडच्या कूपर कारखान्यामुळे या पट्ट्यात लेथ व मिलिंगवर काम करणाऱ्यांची परंपरा निर्माण झाली. शाफ्ट, स्लीव्ह, पाट्यांच्या बैठका व हबचे ॲडॅप्टर यांसारखी कामे आज कुपवाड, मिरज व साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत करून मिळतात. हायपॉइड दाते पाडण्यासाठी मात्र खास यंत्रे लागतात, म्हणून क्राउन-पिनियन तयार जोडी म्हणूनच विकत घ्यावे लागते.

पाट्यांच्या बैठका वेल्ड करण्यापूर्वी पिनियनचा कोन ठरवावा लागतो. युनिव्हर्सल जॉइंट कोनात फिरताना पुढील शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग देतो व दोनदा मंद करतो. १० अंशांच्या कोनात हा चढउतार सुमारे दीड टक्का, तर २० अंशांत सहा टक्क्यांच्या आसपास असतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान असले, की दुसरा जॉइंट पहिल्याचा दोष भरून काढतो. गाडी उंच करण्यासाठी पाटे वाढविले आणि पिनियन तसाच ठेवला, तर क्रॉस वारंवार जातात. दोष बहुधा क्रॉसच्या दर्जाला दिला जातो. शाफ्ट आखूड केल्यास त्याचे बॅलन्सिंग पुन्हा करावे लागते. मागील व्हील सिलिंडरचा व्यास वाढल्यास मागची चाके आधी आवळतात आणि ओल्या उतारावर गाडीची शेपटी फिरू शकते. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सकडून जात असल्याने, नव्या गुणोत्तरानंतर ती फिरविणारे छोटे गिअर बदलेपर्यंत काटा चुकीचा वेग दाखवितो. काही जण चिखलात अडकू नये म्हणून डिफरन्शियलमधील स्पायडर गिअर (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी छोटी दंतचक्रे) वेल्ड करून टाकतात. उसाच्या रानात त्याचा उपयोग होत असला, तरी घाटातल्या वळणावर अशी गाडी सरळ जाऊ पाहते.

ॲम्बेसेडरमध्ये डिझेल इंजिन बसविल्यावर कमी फेऱ्यांना साजेसे गुणोत्तर शोधण्याचा आणि पद्मिनीत झिजलेली जोडी बदलण्याचा प्रश्न येतो; पूर्ण ॲक्सल बदलण्याची वेळ तुलनेने क्वचित येते. 

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कडक लावला आहे. वाहतुकीच्या वाहनांच्या नोंदणीत ॲक्सलवरील मान्य भार लिहिलेला असल्याने, सांगलीच्या एमएच-१०, साताऱ्याच्या एमएच-११ किंवा कराडच्या एमएच-५० मालिकेतील अशा वाहनाचा ॲक्सल बदलणे खासगी मोटारीपेक्षा अधिक गुंतागुंतीचे ठरते. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षांची आहे. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी तिची अट आहे. ॲक्सलचा या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. तरीही ‘मूळ स्वरूपात’ या शब्दांमुळे, अशी नोंदणी घेऊ इच्छिणाऱ्या मालकाने मूळ हौसिंगमध्येच वेगळ्या गुणोत्तराची जोडी बसविणे आणि काढलेले मूळ क्राउन-पिनियन जपून ठेवणे हा मार्ग अधिक सुरक्षित दिसतो.