जुना संगणक, नवे ग्राफिक्स कार्ड आणि खानदेशातला मे महिना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या तालुक्याच्या गावी लग्नसराईत फोटो स्टुडिओ रात्री उशिरापर्यंत उघडे असतात आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी व्हिडिओ मिक्सिंगचे काम आजही २०१३ ते २०१५ च्या सुमारास असेंबल करून घेतलेल्या डेस्कटॉपवर चालते. रॅम वाढवलेली असते, हार्ड डिस्कच्या जोडीला एसएसडी आलेली असते, तरीही मोबाइलवर फोर-केमध्ये चित्रित केलेली क्लिप टाइमलाइनवर घेतली की चित्र अडखळू लागते आणि प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो. अशा वेळी ‘एखादे कार्ड टाकून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. मात्र ग्राफिक्स कार्ड ज्या विजेवर, ज्या वाऱ्यावर आणि ज्या स्लॉटमधून काम करते ते सारे जुनेच राहणार असल्यामुळे, कार्डाची किंमत विचारण्याआधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरचे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचे, लेबल वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी कार्डाची गरज का पडते ते पाहू. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात; सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर सुमारे १२ कोटी ४४ लाख बिंदूंचे रंग दर सेकंदाला ठरवावे लागतात, आणि एका चित्रासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. यातल्या बहुतेक बिंदूंचा हिशेब शेजारच्या बिंदूवर अवलंबून नसतो. कपाशीच्या शेतात एका झाडाचे बोंड वेचायला दुसऱ्या झाडाची वाट पाहावी लागत नाही, म्हणून वेचणीला जितके मजूर लावाल तितके काम लवकर उरकते. तसेच हे आहे. इंटेलचा २०१४ मधला कोअर आय-फाइव्ह ४४६० हा प्रोसेसर घेतला तर त्यात ३.२ गिगाहर्ट्झचे चार गाभे (कोअर) आहेत. उलट २०१९ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या जीफोर्स जीटीएक्स १६५० या साध्या कार्डावर ८९६ छोटी गणनाकेंद्रे आहेत. त्यांतले प्रत्येक केंद्र प्रोसेसरच्या गाभ्यापेक्षा कितीतरी दुबळे असते, पण सर्व केंद्रे एकाच प्रकारचे काम एकाच वेळी उचलतात.

केंद्रांच्या संख्येइतकीच महत्त्वाची, पण दुकानात क्वचितच सांगितली जाणारी बाब म्हणजे स्मृतीचा वेग. आय-फाइव्ह ४४६० मध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे, परंतु त्याला स्वतःची स्मृती नाही; ते संगणकाची रॅमच वापरते. डीडीआर-थ्री १६०० प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती ये-जा करू शकते आणि एकच पट्टी असेल तर याच्या निम्मी. तीही प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांनी वाटून घ्यायची. जीटीएक्स १६५० च्या मूळ आवृत्तीवर स्वतःची चार गिगाबाइट स्मृती आहे आणि तिचा वेग सेकंदाला १२८ गिगाबाइट आहे. कार्ड बसवल्यावर रॅमवरचा ताणही हलका होतो, तो यामुळेच.

मिक्सिंगच्या कामात आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते. आजचे अनेक मोबाइल जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी या पद्धतीने व्हिडिओ आकुंचित करून साठवतात. ही पद्धत प्रमाणित झाली २०१३ मध्ये. त्यामुळे त्या काळातल्या प्रोसेसरांत ती उलगडणारे पूर्ण स्वतंत्र सर्किट नाही आणि सगळे काम गाभ्यांनाच करावे लागते. बहुतेक नव्या कार्डांच्या चिपवर केवळ व्हिडिओ उलगडण्यासाठी आणि पुन्हा आकुंचित करण्यासाठी वेगळे सर्किट कोरलेले असते. ते गणनाकेंद्रांना हात न लावता आणि अगदी थोड्या विजेत आपले काम उरकते. ज्याला गेम खेळायचा नाही, फक्त क्लिपा जोडायच्या आहेत, त्याने कार्ड निवडताना गणनाकेंद्रांच्या संख्येपेक्षा या सर्किटाकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे.

आता विजेकडे वळू. कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसते तो स्लॉट त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देऊ शकतो. त्याहून जास्त हवी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर यावी लागते: सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅट, आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड या दोन्ही मोठ्या ग्राहकांची भूक प्रामुख्याने १२ व्होल्टच्या वाहिनीवर भागते. म्हणूनच एसएमपीएसच्या डब्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. बाजूच्या लेबलावर एक तक्ता असतो. त्यात ‘+१२ व्होल्ट’ या रकान्याखाली अँपिअरचा आकडा दिलेला असतो. तो १६ असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे फक्त १९२ वॅट. आय-फाइव्ह ४४६० ची औष्णिक मर्यादा, म्हणजे पूर्ण ताणावर साधारण लागणारी वीज, ८४ वॅट आहे. बोर्ड, डिस्क, पंखे यांचे मिळून चाळीसएक वॅट धरले, तर उरतात साठ-सत्तर वॅट. त्यातही हा एसएमपीएस दहा वर्षे चाललेला असतो. त्यातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना आडाखा आहे. खानदेशातल्या उन्हाळ्यांत काढलेल्या दहा वर्षांचा अर्थ त्यावरून समजून घ्यावा.

कार्डाची मागणी एकसारखीही नसते. काही मिलिसेकंदांपुरती ती सरासरीच्या बरीच वर उसळते. अशा क्षणी १२ व्होल्टची वाहिनी पाच टक्क्यांहून अधिक खाली, म्हणजे ११.४ व्होल्टच्या खाली घसरली, तर ते प्रमाणित मर्यादेचे उल्लंघन ठरते आणि संगणक काहीही न सांगता बंद पडू शकतो किंवा पुन्हा सुरू होऊ शकतो. रेंडर करताना, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवताना, नव्वद टक्क्यांवर येऊन मशीन रीस्टार्ट होते, तेव्हा दोष कार्डाच्या माथी मारला जातो. वास्तविक अशा वेळी आधी एसएमपीएस तपासला पाहिजे. जुन्या एसएमपीएसला सहा पिनांची वायर नसेल तर हार्ड डिस्कच्या वायरीवरून जोडणी काढणारे अ‍ॅडॉप्टर स्वस्तात मिळतात. ते मी कुणालाही सुचवणार नाही. एसएमपीएस बदलायचा नसेल, तर केवळ स्लॉटच्या ७५ वॅटमध्ये भागणारे कार्ड घ्यावे. जीटीएक्स १६५० ची अनेक मॉडेले अशी आहेत; फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे सहा गिगाबाइटचे रूप तर ७० वॅटचेच आहे आणि त्यात २,३०४ गणनाकेंद्रे आहेत. यूपीएसचाही हिशेब येथेच करावा, कारण ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो आणि त्यावर मॉनिटरही असतो.

स्लॉटची कहाणी थोडी गुंतागुंतीची आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, त्यामुळे चौथ्या पिढीचे कार्ड दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्येही बसते. पण वेग जुन्या पिढीचाच मिळतो. स्लॉटमध्ये माहितीची ये-जा मार्गिकांवरून (लेन) होते; दुसऱ्या पिढीत एका मार्गिकेवरून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात, तिसऱ्या पिढीत सुमारे ९८५ आणि चौथ्या पिढीत त्याच्या दुप्पट. २०१४ च्या सुमारास स्वस्त संगणकांत सर्रास बसवला गेलेला एच-८१ चिपसेटचा बोर्ड, प्रोसेसर पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा वेग देऊ शकत असूनही, कार्डाला दुसऱ्या पिढीचाच वेग देतो. आता २०२२ मधले एएमडीचे आरएक्स ६४०० पाहा. ५३ वॅटचे हे कार्ड विजेच्या दृष्टीने जुन्या मशीनसाठी आदर्श वाटते. पण त्याला १६ ऐवजी केवळ चारच मार्गिका दिलेल्या आहेत. एच-८१ च्या बोर्डावर त्याला सेकंदाला दोन गिगाबाइट मिळतात, तर सोळा मार्गिकांच्या जीटीएक्स १६५० ला त्याच बोर्डावर आठ गिगाबाइट. कार्डाच्या चार गिगाबाइट स्मृतीत सगळे मावत असेल तोवर हा फरक फारसा जाणवत नाही. स्मृती भरली आणि रॅममधून ने-आण सुरू झाली की चित्र अडते. शिवाय आरएक्स ६४०० वर व्हिडिओ आकुंचित करणारे सर्किट नाही, म्हणजे मिक्सिंगवाल्याच्या मुख्य कामातच ते उणे पडते. दिसायला सर्वांत सोयीचे कार्ड जुन्या बोर्डावर सर्वांत गैरसोयीचे ठरते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. इंटेलची आर्क मालिकाही अशा यंत्रांसाठी नाही. प्रोसेसरला कार्डाची सगळी स्मृती एकदम वापरू देणारी रिसायझेबल बार ही बोर्डावरची सोय नसेल तर तिचा वेग फार घसरतो, आणि इतक्या जुन्या बोर्डांत ती सोय सहसा नसते.

उष्णतेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४२ अंश ही नवलाई नसते. चिपचे तापमान खोलीच्या तापमानावर रचलेले असते: ठरावीक वॅट आणि ठरावीक वारा असेल तर चिप खोलीपेक्षा किती अंश वर जाईल हे जवळजवळ स्थिर राहते. समजा एखादे ७५ वॅटचे कार्ड खोलीपेक्षा ४० अंश वर जाते. जानेवारीच्या रात्री २२ अंशांच्या खोलीत ते ६२ अंशांवर राहील. तेच मे महिन्याच्या दुपारी ८२ अंशांवर पोहोचेल. एनव्हिडियाची या वर्गातली कार्डे साधारण ८३ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करू लागतात. म्हणजे हिवाळ्यात सुरळीत चालणारे कार्ड उन्हाळ्यात मंदावते, आणि त्यात बिघाड असा काहीच नसतो.

यावर भौतिकशास्त्रातच एक सुरेख उपाय दडलेला आहे. चिपमधले ट्रान्झिस्टर उघडझाप करताना जी वीज खर्च होते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात असते. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी उतरवली, तर ०.९ चा घन, म्हणजे ०.७२९ इतकाच खर्च उरतो: वेग दहा टक्के कमी आणि वीज सुमारे २७ टक्के कमी. ट्रान्झिस्टर स्वस्थ असतानाही झिरपणारी गळतीची वीज बाजूला ठेवली तर ७५ वॅटचे कार्ड ५५ वॅटवर येते आणि चाळीस अंशांची चढण २९ अंशांवर येते. ४२ अंशांच्या खोलीत चिप ७१ अंशांवर राहते. एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये वीजमर्यादेची पट्टी खाली ओढली की कार्ड स्वतःच व्होल्टेज आणि वारंवारता उतरवून घेते. खानदेशातल्या प्रत्येक डेस्कटॉपवर एप्रिल ते जून एवढे तरी करावे, अशी माझी मनापासूनची शिफारस आहे.

वाऱ्याची वाट मोकळी नसेल तर हे गणितही कोलमडते. काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडे असतेच, पण जिनिंगच्या आसपासच्या वस्तीत रुईचे तंतूही हवेत असतात. ते उष्णताशोषकाच्या पात्यांमध्ये अडकून नमद्यासारखा थर तयार करतात आणि त्यावर धूळ बसत जाते. पंखा फिरताना दिसतो, आवाजही करतो, परंतु पात्यांमधून वारा आरपार जात नाही. ब्लोअरने हा थर काढताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर पंखा त्याच्या क्षमतेपेक्षा वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. कोरड्या हवेत आपला वाळ्याचा किंवा गवताच्या जाळीचा कूलर खोली दहा अंशांहून अधिक थंड करू शकतो आणि त्याचा लाभ कार्डालाही होतो. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये, कारण ओलसर झालेली धूळ पात्यांवर लिंपल्यासारखी वाळते आणि ब्लोअरने निघत नाही.

जुने कार्ड घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाने खाणकामाची, म्हणजे संगणकांकडून सतत गणिते करवून नवी नाणी मिळवण्याची, पद्धत सोडली आणि खाणकामात रात्रंदिवस चाललेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात आली. अशा कार्डांची चिप सहसा शाबूत असते. झिजतात ते पंखे, आणि चिपवरची उष्णतावाहक पेस्ट सुकलेली असते. दुसरे म्हणजे, जीटीएक्स १०५० टीआय हे एकेकाळी अशा यंत्रांसाठी उत्तम असलेले कार्ड २०१६ चे आहे आणि त्या पिढीसाठी नियमित नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहे. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपला. जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, हे खर्चाचा आकडा ठरवताना लक्षात ठेवावे. अशा मशीनवर मोठ्या कार्डासाठी पैसे घालू नयेत असे मला वाटते. तो प्रोसेसर त्याला पुरेसे काम देऊच शकत नाही.

प्रत्यक्ष बसवणे सोपे आहे. वीज बंद करावी, वायर काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार उतरू द्यावा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी. आपल्या कोरड्या हवेत ती सहज साचते. स्लॉटच्या टोकाला प्लास्टिकची कडी असते, ती कार्ड पूर्ण बसल्यावर ‘टक्’ असा आवाज करून लागते. जुने कार्ड काढताना ती आधी दाबावी लागते, अन्यथा तुटते. कार्ड लागल्यावर मॉनिटरची वायर बोर्डावरून काढून कार्डावरच्या जागेत लावायची, हे विसरले की कार्ड बसवूनही चित्र अंगभूत ग्राफिक्सचेच राहते किंवा पडदा काळा पडतो. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल, तर नव्या कार्डांत ती जागाच नसल्यामुळे एचडीएमआयच्या डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो. ड्रायव्हर टाकून झाल्यावर जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम उघडून दोन आकडे पाहावेत: कार्डावर ताण असताना मार्गिका किती आणि कोणत्या पिढीच्या मिळत आहेत, आणि अर्धा तास रेंडर चालल्यावर चिप कुठे स्थिरावते. मार्गिका अपेक्षेपेक्षा कमी दिसल्या तर कार्ड काढून त्याचे सोनेरी संपर्क कोरड्या, मऊ कापडाने पुसावेत आणि ते पुन्हा बसवावे. बहुतेक वेळा दोष तेवढाच असतो.