दुर्बिणीला किती अँपिअर ‘द्यायचे’?

आमच्या आकाशदर्शनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर हिवाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. मोटरवाली, म्हणजे बटण दाबलं की ग्रह-ताऱ्याकडे आपोआप वळणारी दुर्बीण नुकतीच घेतलेला कुणीतरी विचारतो, “दुर्बिणीवर १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलंय. माझ्याकडचा अडॅप्टर ५ अँपिअरचा आहे. जळणार नाही ना?” लगेच चार जण बजावतात, चुकूनही लावू नका.

खुशाल लावा. ५ अँपिअर ही त्या अडॅप्टरची ऐपत झाली. दुर्बीण तिला हवा तेवढाच करंट ओढणार. घरातल्या मोठ्या प्लगला १५ अँपिअर झेपतात, म्हणून त्यात खोचलेला मोबाइलचा चार्जर काही १५ अँपिअर पीत नाही. दुर्बीण जळते ती जादा व्होल्टेजने किंवा उलट्या प्लस-मायनसने. आणि १ अँपिअरचा अडॅप्टर लावलात, तर ती जळत नाही, पण रात्रभर रडवते. का, ते जरा पाल्हाळ लावून सांगतो, कारण या गोष्टीवर माझा जीव आहे.

मोटर आणि जनित्र या मुळात एकच वस्तू. शाळेत फ्लेमिंगचा डावा हात मोटरला आणि उजवा जनित्राला वाटून दिला, म्हणून त्या दोन वाटतात. मोटर फिरते तेव्हा तारेचं वेटोळं चुंबकीय क्षेत्रात फिरतं. म्हणजे फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच घडतं, वीज तयार होते. ही वीज बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजला उलट ढकलते. समजा, मोटरच्या वेटोळ्याचा रोध ८ ओहम आहे. पूर्ण वेगात ती १० व्होल्टचा उलटा दाब तयार करते. मग १२ मधून १० गेले, उरले २. भागिले ८, म्हणजे फक्त पाव अँपिअर. पण ती थांबलेली असताना उलटा दाब शून्य. १२ भागिले ८, थेट दीड अँपिअर! सहापट. दुर्बिणीला मोटरी दोन, एक आडवी फिरवणारी, एक उभी. दोन्ही एकदम निघाल्या की क्षणभर ३ अँपिअर. थंडीत ग्रीस घट्ट झालं, तर मोटर वेग घ्यायला वेळ लावते आणि हा क्षण लांबतो. (टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या स्टेपर मोटरींचं गणित वेगळं, ते आज सोडा.)

या क्षणाला पुरवठा कमी पडला, की व्होल्टेज कोसळतं. मोटर ते सोसते. तिच्या शेजारचा मायक्रोप्रोसेसर सोसत नाही, तो नव्याने सुरू होतो. वांगणीच्या एका शेतात मी हे भोगलंय. शनीचं बटण दाबलं, मोटर घुरघुरली, रिमोटवरची लाल अक्षरं मंदावली, आणि पडद्यावर पुन्हा तारीख-वेळ विचारणारा प्रश्न. दुर्बिणीला आकाशाची दिशा कळावी म्हणून अर्धा तास खपून दोन तारे जुळवले होते, ते पाण्यात. सोबतचा एक जण म्हणाला, “अमावास्या आहे, जागाही तशीच आहे.” अमावास्या होती म्हणूनच तर आम्ही तिथे होतो! दोष माझ्या ८ पेन्सिल सेलचा. अल्कलाइन सेल नवा असला तरी त्याचा अंतर्गत रोध साधारण ०.१५ ओहम, आठांचा १.२ ओहम. ३ अँपिअर मागितले की साडेतीन व्होल्ट सेलच्या पोटातच जिरतात. चार्जिंगचे सेल घातले, तर सुरुवातच ९.६ व्होल्टपासून.

वायरही चोर असते. अर्ध्या चौरस मिलिमीटरची ५ मीटर वायर जाऊन-येऊन १० मीटर होते आणि ३ अँपिअरला एक व्होल्ट खाते. बॅटरी तिपाईच्या पायाशीच ठेवा.

जुने, जड, ट्रान्सफॉर्मरवाले स्वस्त अडॅप्टर मात्र टाळा. त्यांच्यावर १२ लिहिलेलं असतं, पण व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आत नसेल, तर बिनभाराचे, म्हणजे काहीच जोडलेलं नसताना, १६-१७ व्होल्ट निघतात. पॉवर बँकेवरचा २०,००० एमएएचचा आकडाही आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. १२ व्होल्टला तो जेमतेम ६,००० भरतो, वर रूपांतरातली गळती.

दवाने भिजलेल्या गवतात २३० व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड टाकण्यापेक्षा यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी बरी. तिचा शॉक बसत नाही. पण दोन टोकं चुकून एकत्र आली, तर वायर पेटेल इतका करंट ती सोडते. म्हणून प्लस टोकाला अगदी चिकटून ५ अँपिअरचा फ्यूज. बहुतेक दुर्बिणींच्या पिनीत मधला भाग प्लस असतो, तरी सॉकेटजवळची खूण बघा. मग मल्टिमीटरची लाल सळई पिनीच्या आत, काळी बाहेरच्या कड्याला. १२ च्या आधी वजा चिन्ह दिसलं, तर पिन दुर्बिणीत घालू नका.