विभागप्रमुखाच्या खुर्चीला कामं चिकटत गेली ती अशी

वैद्यकीय महाविद्यालयातल्या विभागप्रमुखाकडे आज रुग्णसेवा, अध्यापन, संशोधन, नेमणुका आणि हिशेब असं सगळंच येतं. हे कुणी एका बैठकीत ठरवलेलं नाही. पैशाची वाट बदलली की खुर्चीला नवं काम चिकटलं.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल स्कूल प्राध्यापकांच्याच मालकीच्या होत्या. विद्यार्थ्यांची फी ते आपसात वाटून घेत. जर्मन भाषक विद्यापीठांत मात्र एका विषयाचा एक प्राध्यापक आणि वॉर्ड, प्रयोगशाळा, सहायक सगळे त्याच्या हाताखाली, अशी पद्धत रुळली होती. तीच अमेरिकेत बाल्टिमोरला पोहोचली. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये उघडलं, मेडिकल स्कूल १८९३ मध्ये. वेल्च पहिले अधिष्ठाता, ऑस्लर मेडिसिनचे प्रमुख, हॉल्स्टेड सर्जरीचे. शिकवणारा आणि वॉर्ड चालवणारा प्रमुख एकच. हॉल्स्टेड यांच्याकडे खाली इंटर्न, मध्ये सहायक आणि टोकाला एकच रेसिडेंट, म्हणजे प्रशिक्षण घेणारा सर्वांत वरिष्ठ डॉक्टर. त्याने किती वर्षं राहायचं याला मुदत नव्हती. तो तयार झाला की नाही, हे सर सांगणार. एवढी सत्ता आज कुठल्याच प्रमुखाकडे नाही, आणि ते बरंच आहे.

मग १९१० मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या दर्जाची झाडाझडती घेणारा फ्लेक्सनर अहवाल आला आणि पाठोपाठ पगाराचा वाद पेटला. १९१३ मध्ये रॉकफेलर यांच्या जनरल एज्युकेशन बोर्डाने हॉपकिन्सला १५ लाख डॉलर देऊ केले. अट अशी, की क्लिनिकल प्राध्यापकांनी पूर्णवेळ पगारावर राहायचं. खासगी रुग्णांची फी स्वतःच्या खिशात जाणार नाही. ऑस्लर तोवर ऑक्सफर्डला गेले होते, पण त्यांनी तिथूनच या कल्पनेला कडाडून विरोध केला होता. प्रॅक्टिस सुटली की प्राध्यापक प्रयोगशाळेतच अडकेल, ही त्यांची धास्ती. त्यांच्यानंतर आलेल्या बार्कर यांनी प्रॅक्टिस राखली आणि खुर्ची सोडली. १९१४ मध्ये थिओडोर जेनवे पूर्णवेळ प्राध्यापक झाले. १९१७ मध्ये तेही बाहेर पडले. मला तरी आजच्या विभागप्रमुखाचा जन्म या भांडणात दिसतो: नामांकित डॉक्टर इथे पहिल्यांदा संस्थेचा पगारी माणूस झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी संशोधन अनुदानं वाढली आणि ती मिळवणाऱ्यांना सांभाळणं प्रमुखाच्या माथी आलं. १९६५ चा मेडिकेअर कायदा, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, त्याहून मोठा. पूर्वी विद्यार्थ्यांना शिकवायच्या वॉर्डात बहुतेक धर्मादाय रुग्ण असत. आता त्यांतल्या वृद्धांच्या उपचारांचे पैसे सरकार देऊ लागलं. विभागांची कमाई फुगली, प्राध्यापकांची संख्याही. हृदयरोग, मूत्रपिंड अशा उपशाखांना स्वतंत्र प्रमुख आले. पुढे अध्यापन, संशोधन आणि रुग्णसेवेसाठी उपप्रमुखही.

या उपप्रमुखांचं दुखणं जुनंच आहे. जबाबदारी नेमणूकपत्रात असते, बजेट मात्र प्रमुखाकडे. आणि प्रमुखालाही दोन साहेब: शिक्षणासाठी अधिष्ठाता, खाटा आणि ओपीडीसाठी रुग्णालयाचं प्रशासन.