ग्रॅज्युएशन रेट म्हणजे शंभरातून ड्रॉपआउट वजा? नाही

अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलांबद्दलचा हा जुना गैरसमज. खरा हिशेब नववीपासून सुरू होतो. समजा, नववीत पहिल्यांदाच आलेली मुलं २००. नंतर दाखल झालेली २० मिळवा, दुसऱ्या शाळेत गेलेली ३० वजा करा : छेद १९०. चार वर्षांत नियमित डिप्लोमा मिळवणारी १५२, म्हणजे ८० टक्के. पाचव्या वर्षी अजून शिकणारा मुलगा ड्रॉपआउट नसतो, पण या दरात तो उत्तीर्णही नाही. जीईडी, म्हणजे हायस्कूलच्या तोडीची परीक्षा, देऊन पास झालेलेही नाहीत.

घोळ होतो तो बदलीच्या कागदांत. ‘गाव सोडलं’ एवढ्यावर नाव वगळता येत नाही, लेखी पुरावा लागतो. त्या ३० पैकी १० जणांचा नसेल, तर छेद २०० आणि दर ७६! ६७ टक्क्यांखाली घसरलेली शाळा २०१५च्या केंद्रीय कायद्यानुसार सुधारणा-यादीत जाते.