15 अँपिअर, 60 किलोवॅट आणि बोरघाट

इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या माणसाला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत एकच प्रश्न विचारला जातो: "फुल व्हायला किती वेळ लागतो?" एक जण म्हणतो आठ तास, दुसरा म्हणतो एक तास, तिसरा म्हणतो रात्री लावतो आणि सकाळी काढतो, मधलं बघतच नाही. तिघंही खरं सांगत असतात. वीज भिंतीतून निघून बॅटरीत मुरेपर्यंत तिला तीन जागा ओलांडाव्या लागतात: वायर, चार्जर आणि खुद्द बॅटरीतलं रसायन. या तिघांत जो सगळ्यात मंद, त्याच्या चालीने बाकीच्यांना चालावं लागतं. आणि हा मंद गडी दर वेळी वेगळा असतो.

घरच्या पार्किंगमध्ये मंद असते ती वायर. गीझरला असतो तसा 15 अँपिअरचा प्लग घेतला तर 230 व्होल्टला जेमतेम 3.3 किलोवॅट मिळतात, म्हणजे तासाला 3.3 युनिट. त्यातलं दहाएक टक्के भिंतीतल्या एसीचं (दिशा बदलत राहणाऱ्या विजेचं) बॅटरीला लागणारं डीसी (एकाच दिशेची वीज) करताना उष्णता होऊन जातं. मध्यम आकाराची गाडी शहरात एका युनिटमध्ये साधारण साडेसहा-सात किलोमीटर जाते. हडपसरहून हिंजवडीला जाऊन-येऊन 60 किलोमीटर झाले असं धरलं, तर भरपाईला भिंतीतून दहाएक युनिट लागतील. रात्री अकराला गन, म्हणजे गाडीत खोचायचं केबलचं टोक, लावली की दोन-सव्वादोनला काम आटोपलेलं असतं. त्यानंतर सकाळपर्यंत प्लग नुसताच लटकतो. रोजच्या ऑफिसच्या फेरीसाठी फास्ट चार्जर शोधत फिरायची गरज बहुतेकांना नसते, हे गाडी घेण्याआधी कोणी सांगत नाही. ज्यांना पार्किंगमध्ये प्लगच मिळत नाही त्यांची गोष्ट मात्र वेगळी, आणि शहरांत असे लोक पुष्कळ आहेत.

पेट्रोल पंपाशी तुलना केली की हा वेग हास्यास्पद वाटतो. पंपाचं नोझल मिनिटाला 35 लिटरच्या आसपास पेट्रोल सोडतं. एका लिटरमध्ये सुमारे 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे टाकी भरत असताना त्या रबरी पाइपातून जवळपास 19 मेगावॅटचा प्रवाह वाहत असतो! इंजिन त्यातला तीन चतुर्थांश भाग उष्णता म्हणून वाया घालवतं हे वजा केलं तरी उरते ती शक्ती एका प्लगच्या हजार पटीहून मोठी. ही शर्यत वीज जिंकणार नाही. पण खाजगी गाडी दिवसातले वीस-बावीस तास उभीच असते, आणि प्लगचं काम त्या वेळात चालतं.

प्लगबद्दल मात्र एक ताकीद. गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी सलग पाच-सहा तास पूर्ण 15 अँपिअर ओढते. सॉकेटच्या पत्त्या सैल असतील आणि तिथला रोध फक्त 0.1 ओम असेल, तरी 15 गुणिले 15 गुणिले 0.1, म्हणजे सुमारे 22 वॉट उष्णता त्या एका ठिपक्यात साठत राहते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री 25 वॉटचीच असते आणि ती शिसं वितळवते. जुन्या बोर्डाचं प्लॅस्टिक तपकिरी पडतं ते यामुळेच. मीटरपासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, औद्योगिक सॉकेट आणि नीट अर्थिंग एवढा खर्च टाळू नये. अर्थिंग कच्चं असेल तर बऱ्याच गाड्या चार्ज व्हायलाच नकार देतात. इलेक्ट्रिशियन मग गाडीला दोष देतो. बहुतेक वेळा गाडी बरोबर असते.

सार्वजनिक चार्जरकडे वळलं की चित्र बदलतं. मॉलच्या तळघरात दिसतो तो 7.2 किलोवॅटचा एसी चार्जर म्हणजे खरं तर नुसता हुशार प्लग आहे. एसीचं डीसी करण्याचं यंत्र गाडीच्या पोटातच असतं आणि ते 3.3 किलोवॅटचं असेल तर बाहेर कितीही मोठा एसी पॉइंट असो, वेग वाढत नाही. हायवेवरचं कपाटाएवढं डीसी यंत्र हे रूपांतर स्वतःच्या पोटात करतं आणि थेट बॅटरीला डीसी देतं. म्हणून ते 30, 60, 120 किलोवॅटची भाषा बोलू शकतं.

पण ती पाटी पूर्ण खरी नसते. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांची बॅटरी 320 व्होल्टच्या आसपास असते. समजा 60 किलोवॅटच्या चार्जरची कमाल मर्यादा 150 अँपिअर असेल, तर या गाडीला मिळणार 48 किलोवॅटच. बाकीचे 12 किलोवॅट जास्त व्होल्टच्या गाडीसाठी राखीव. शिवाय शेजारच्या दुसऱ्या गनला कोणी गाडी लावली की अनेक यंत्रं आपली शक्ती दोघांत वाटतात. स्क्रीनवर आकडा एकदम 24 वर आला तर चार्जर बिघडला असं समजायचं कारण नाही. शेजारी आलाय.

गन लावल्यापासून युनिट मोजायला सुरुवात होईपर्यंत मिनिटभर जातो. त्या मिनिटात बरंच काही घडतं, आणि पावसाळ्यात सगळ्यांना पडणाऱ्या 'शॉक बसेल का?' या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. गनमध्ये जाड पिनांबरोबर दोन बारीक पिना असतात. त्यातल्या एकीवर, पायलटवर, फक्त 12 व्होल्ट असतात. गन गाडीत बसली की गाडी स्वतःचा एक रोध जोडून ते 9 व्होल्टवर आणते: मी आले. वीज घ्यायची तयारी झाली की 6 व्होल्टवर. चार्जर त्याच तारेवर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा इशारा पाठवतो, आणि त्यात 'चालू'चा वाटा किती यावरून गाडीला कळतं किती अँपिअर ओढता येतील. निम्मा वेळ चालू असेल तर 30 अँपिअर, पाव वेळ असेल तर 15. फक्त पाच टक्के असेल तर त्याचा अर्थ, आता डिजिटल बोलूया. डीसी चार्जिंगमध्ये मग त्याच तारेवरून गाडी आपली बॅटरी किती भरली, किती व्होल्ट चालतील, किती अँपिअर झेपतील हे सांगते. चार्जर केबलवर व्होल्टेज देऊन कुठे गळती नाही ना हे तपासतो, आपलं व्होल्टेज बॅटरीच्या बरोबरीला आणतो, आणि मगच गाडीतले जाड संपर्क टक्‌कन जुळतात. गन गाडीत नीट बसून हे बोलणं होईपर्यंत गनच्या मोठ्या पिनांत वीज नसते. धो धो पावसात गन हातात धरली म्हणून शॉक बसत नाही तो यामुळे. पायलटची पिन मुद्दाम आखूड ठेवलेली असते. गन ओढली जाताना ती आधी सुटते आणि मोठ्या पिना सुटण्याआधी प्रवाह तुटतो. फुटलेली केबल किंवा तडा गेलेली गन असेल तर मात्र हात लावू नये; इथे हिशेब धडधाकट यंत्राचा आहे.

एकदा प्रवाह सुरू झाला की हुकूम गाडीचा चालतो. चार्जर वीज ढकलत नाही. गाडी सेकंदाच्या अंशाअंशाने नवी मागणी नोंदवत राहते: आता 140 अँपिअर, आता 138, आता 90. आणि इथे तिसरा गडी येतो, बॅटरीचं रसायन.

चार्जिंग म्हणजे लिथियमचे आयन एका बाजूच्या पदार्थातून सुटून द्रवातून पोहत पलीकडच्या ग्राफाइटच्या थरांत शिरणं. ग्राफाइट रिकामं असताना आयन भराभर आत घुसतात. भरत आलं की आत सरकायला वेळ लागतो, मागून येणाऱ्यांची पृष्ठभागावर दाटी होते. तरीही जोर लावला तर आयन आत न शिरता बाहेरच धातूच्या रूपात साचतात. हा साचलेला लिथियम पुरता परत मिळत नाही, म्हणजे बॅटरीची क्षमता कायमची घटते, आणि त्याचे काटे वाढत गेले तर आतल्या आत शॉर्ट होण्याचाही धोका. म्हणून गाडी आपणहून मागणी उतरवत नेते. रसवंतीवाला बाटलीत उसाचा रस ओततो तेव्हा आधी धार मोठी असते, गळ्याशी फेस आला की तो हात आखडता घेतो, तसंच काहीसं. थंडीत आयन मंदावतात म्हणून वेग कमी, आणि मे महिन्याच्या दुपारी बॅटरी आधीच तापलेली असेल तर तिला थंड ठेवण्यासाठी पुन्हा कमी. नागपूर-विदर्भाकडच्या मंडळींनी उन्हाळ्यात शक्यतो सकाळी किंवा उशिरा संध्याकाळी फास्ट चार्जिंग करावं.

कंपन्यांच्या जाहिरातीत '80 टक्के इतक्या मिनिटांत' असंच का लिहितात, ते आता कळेल. पुढचा रस्ता चिखलाचा आहे. 40 युनिटच्या बॅटरीचं उदाहरण घेऊ. 10 ते 80 टक्के, म्हणजे 28 युनिट, 45 मिनिटांत भरले. उरलेल्या 20 टक्क्यांना, फक्त 8 युनिटना, पुन्हा तेवढीच 45 मिनिटं लागू शकतात. एकाच गनवर सगळे 80 ला उठले तर सहा तासांत आठ गाड्या निघतात आणि 224 युनिट दिले जातात. सगळे 100 चा हट्ट धरून बसले तर चार गाड्या आणि 144 युनिट. यंत्र तेच, वीज तीच. शनिवारी सकाळी फूड मॉलमध्ये तीन गाड्यांची रांग लागलेली असताना एखादा 96 टक्क्यांवर गाडी सोडून मिसळ खात बसतो, तेव्हा तो प्रत्यक्षात प्लगच्या दुप्पट-तिप्पट वेगासाठी 60 किलोवॅटचं यंत्र अडवून बसलेला असतो. माझ्या मते 80 नंतर दर मिनिटाला जादा आकार लावायला हवा, सरसकट.

घरी मात्र 100 करायला हरकत नाही, निदान एलएफपी प्रकारच्या बॅटरीत. लोह-फॉस्फेटच्या या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती टक्के उरले हे गाडीला नीट ओळखता येत नाही. अधूनमधून पूर्ण भरली की तिचा अंदाज जाग्यावर येतो. निकेलवाल्या बॅटरीला उलट रोज 80 वर थांबणं मानवतं. आपली कोणती आहे हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवावं.

धोरणाचं म्हणाल तर, बॅटरी चार्ज करणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्ये स्पष्ट केलं आणि कोणालाही चार्जर उघडायची वाट मोकळी झाली. शहरात 3 किलोमीटर बाय 3 किलोमीटरच्या चौकोनात एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर 25 किलोमीटरवर एक स्टेशन, असं 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत होतं. महाराष्ट्राच्या 2025 च्या ईव्ही धोरणाने पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी देऊ केली. टोल वाचतो, रांग राहते.

या द्रुतगती मार्गावर रोजच्या शहरी फेरीची गणितं उलटी होतात. शहरात गाडी तासभर खोळंबली तरी एअर कंडिशनरला लागणारं युनिट-दीड युनिटच जातं आणि सिग्नलला ब्रेक मारताना मोटर जनित्र बनून काही वीज परतही करते. हायवेवर ब्रेक नाहीत, शत्रू आहे हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो: 80 वरून 100 ला गेलात की तो दीडपटीहून जास्त. शहरात 250 किलोमीटर देणारी गाडी इथे 200 वर येते, आणि लोक म्हणतात कंपनीने फसवलं.

त्यात बोरघाट. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत सुमारे 550 मीटर चढ आहे. माणसं-सामानासह 1,600 किलोची गाडी तेवढी उचलायला 2.4 युनिट लागतात, आणि मोटरचं नुकसान धरून बॅटरीतून पावणेतीन. इतकंच? हो, इतकंच. कर्जतला आगगाडीला ढकलायला मागून बँकर इंजिनं लावतात त्या घाटाची ही किंमत, फार तर अठरा-वीस किलोमीटरची रेंज. घाबरवतो तो टक्क्यांचा आकडा, कारण तो पंधरा-वीस मिनिटांत झरझर उतरतो.

उतरताना त्या 2.4 युनिटमधलं एक-सव्वा युनिट चाकांचं घर्षण आणि हवा खाते. ते तसंही रस्त्याला द्यावंच लागलं असतं. उरलेल्यातून बॅटरीत परत येतं ते साधारण एक युनिट. म्हणजे लोणावळ्याहून खाली येईपर्यंत काहीही खर्च न होता उलट दोन-तीन टक्के वाढलेले दिसतात. सगळी बेरीज केली तर मुंबईहून पुण्याला येणं हे पुण्याहून मुंबईला जाण्यापेक्षा साधारण पाच युनिटनी महाग पडतं. एकाच दिवसात जाऊन-येऊन करणाऱ्याने म्हणून परतीचा हिशेब जातानाच्या खर्चावरून मांडू नये. चार्जिंगचा थांबा मुंबईत किंवा घाटाच्या पायथ्याआधी, खालापूरच्या आसपास घ्यावा.

आणि मुंबईकडे जाताना लोणावळ्यात थांबून बॅटरी ठासून 100 टक्के भरू नये. भरलेल्या बॅटरीत मोटरने बनवलेल्या विजेला जागाच नसते, त्यामुळे गाडी रीजेन (ब्रेक मारताना मोटरने वीज बनवणं) बंद करते आणि पॅनेलवर तसा इशारा येतो. मग अख्खा घाट साध्या ब्रेकवर उतरावा लागतो, पेट्रोल गाडीसारखाच, फक्त तिच्यात निदान खालचा गिअर टाकायची सोय असते. पंच्याऐंशीवर गन काढली तर वेळ वाचतो, ब्रेक पॅड वाचतात आणि खोपोलीला पोचेपर्यंत आकडा सत्त्याऐंशी झालेला असतो.